तिसरी 'अ'

९ फेब्रुवारी, रविवार

रक्तदाब पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, चिडचिड माणसांवर काढू नका, वहीत काढा. म्हणून ही वही. सुनीता म्हणाली, "दोनशे पानी आणा. शंभर पानी पुरायची नाही." बायकोचा इतका विश्वास असल्यावर माणसाने लिहायलाच हवं.

तर आजची चिडचिड. आमच्या कंपनीत सुरक्षारक्षकांना लागणारं सामान मिळतं. शिट्ट्या, टॉर्च, हेल्मेटं, आणि आता बुलेटप्रूफ जाकिटं. जाकिटं आली, पण सोबतचा कॅटलॉग म्हणजे नुसता आकड्यांचा चिवडा. स्टोअर सांभाळणारा बाळाजी सकाळपासून तीनदा येऊन गेला. "साहेब, ह्यातलं कुठलं कशाला?" बाळाजी पाटण तालुक्यातला, आठवीपर्यंत शिकलेला, अकरा वर्षं इथे बहरीनमध्ये. माणूस प्रामाणिक आहे, पण एक गोष्ट एकदा सांगून कळेल तर शपथ. म्हटलं, मराठीत एक तक्ताच करून भिंतीवर लावतो. त्याला मराठीखेरीज दुसरं धड वाचता येत नाही, आणि स्टोअरमध्ये दुसरं कोणी बसत नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तक्ता करायला घेतला. जाकिटांच्या पायऱ्या असतात, दोन, तीन, तीन-ए, चार. पायरी जितकी वरची, तितकी दणकट गोळी अडणार. कॅटलॉगवाल्याने तीन-ए आधी आणि नुसतं तीन नंतर छापलंय. छपाईची चूक, दुसरं काय. मी ती दुरुस्त केली. शिवाय ताळाही करून पाहिला. तीन-ए पुढे नऊ मिलिमीटरची गोळी लिहिली आहे आणि तीनपुढे सात पॉइंट बासष्टची. नऊ मोठे की सात? जे जाकीट नऊची गोळी अडवतं ते सातची झोपेतसुद्धा अडवेल.

बाळाजीला कळावं म्हणून खाली लिहिलं, "शाळेत तिसरी अ म्हणजे हुशार तुकडी. तसंच 3A. साध्या 3 पेक्षा वर." मी स्वतः दहावीपर्यंत 'अ' तुकडीत होतो, एकदाही ढळलो नाही.

भक्ती खांद्यावरून बघत होती. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "बाबा, इट्स जस्ट अ लेटर. इन अवर स्कूल ए डझन्ट मीन क्लेव्हर. दे मिक्स एव्हरीवन." सगळ्यांना मिक्स करतात म्हणूनच ही अवस्था आहे, असं मी तिला म्हणालो. तिने कानात ते इअरफोनचं बोंडूक घातलं आणि गेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तक्ता स्टोअरच्या भिंतीवर लावला. लाल पेनाने चौकट, हिरव्याने आकडे. बाळाजीने तो वाचला, मग दोन जाकिटं उचलून आणली. एका हातात तीन-ए, मऊ, गोधडीसारखं. दुसऱ्या हातात तीनचं, आत लोखंडासारखी कडक पाटी.

"साहेब, हे जड हाय. जड जास्त अडवत आसंल न्हाई?"

मी म्हटलं, "बाळाजी, वजनावर हुशारी ठरली असती तर म्हैस मास्तर झाली असती."

हसला. मला वाटतं कळलं त्याला.

९ एप्रिल, बुधवार

सखीरला मोटारींची रेस आहे, म्हणून अख्ख्या बहरीनने रस्त्यावर उतरायचं असं ठरलेलं असतं. रिफाच्या सिग्नलवर पंचवीस मिनिटं. मागचा हॉर्न वाजवतोय, पुढचा सेल्फी काढतोय, आणि त्यात बाळाजीचा फोन.

"साहेब, बोटवाल्यांची आर्डर आलीया. बारा मानसांची. एडनच्या बाजूला, चाच्यांच्या भागात जायची हायत, रायफलची गोळी अडवनारी पायजेत म्हंत्यात. तीन नंबर लिवलंय. तीनच्या पाट्या आपल्याकडं चारच मानसांच्या हायत. तीन-ए ची चौदा हायत. काय करू?"

"तीनच्या वर काय येतं?"

"तक्त्यात तीन-ए लिवलंय. पन मला वाटतंय—"

"तुला काय वाटतंय ते नको सांगू. तक्ता बघ! तक्ता कशाला लावलाय तिथे? पाहुण्यांना दाखवायला?" आणि ठेवला फोन. तेवढ्यात सिग्नल पुन्हा लाल.

घरी आल्यावर सुनीताचं सुरू, "गोळी घेतली का?" कामावर गोळी, घरी गोळी.

१० एप्रिल, गुरुवार

बोटवाल्यांकडून संतोष माल न्यायला आला. हा बोटीवरचा मुकादम, गुहागरचा. हूरा भागात बाळाजीच्या खोलीतच राहतो, जमिनीवर असतो तेव्हा. मागितलं तीन, मिळतंय तीन-ए, म्हणून खूश. एक जाकीट तिथेच घालून बघितलं, छातीवर थापट्या मारल्या.

"हलकं आहे हो! मला वाटलं ओझं वाहायला लागणार. ह्यात झोपतापण येईल."

"एक पायरी वरचं दिलंय तुम्हाला," मी म्हणालो. डिलिव्हरीच्या कागदावर सही केली. बाळाजी बारीक तोंड करून खोक्यांना पट्ट्या मारत होता. पोटात दुखतंय का विचारलं, तर न्हाई म्हणाला. सकाळीच असं तोंड करणाऱ्या माणसांचं काय करायचं?

१३ एप्रिल, रविवार

आज माझ्या नोकरीतला सर्वांत वाईट दिवस.

दहा वाजता एक गृहस्थ आले. पांढरी दाढी, पाठ ताठ. बोटीवरची सुरक्षा बघतात. नाव खिजर, मूळचे श्रीवर्धनचे, मराठी माझ्याइतकंच चांगलं. त्यांच्यामागे संतोष, हातगाडीवर बाराही जाकिटं.

"ही पिस्तुलाची जाकिटं आहेत," खिजर म्हणाले. "आम्ही रायफलची मागितली होती."

मी समजावू लागलो, की तीन-ए ही तीनच्या वरची पायरी आहे आणि नऊ मिलिमीटर... त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "गोणपाट बघितलंय ना तुम्ही? त्याच्यावर मूठ मारली तर काय होतं?"

"काही नाही."

"आणि दाभण मारलं तर?"

मी हातगाडीवरचं एक जाकीट बोटाने दाबून बघितलं.

"पिस्तुलाची गोळी जाड, बोथट आणि सावकाश. ती मूठ. हे मऊ जाकीट तिला जाळ्यात धरल्यासारखं धरतं. रायफलची बारीक, टोकदार आणि तिच्या दुप्पट वेगाची. ती दाभण. तिला कडक पाटीच लागते. साडेपाचची तर सातपेक्षा बारीक असते, तरी या जाकिटातून आरपार जाते. बारीक आहे म्हणून दुबळी असं नसतं, साहेब." आणि शांतपणे पुढे म्हणाले, "गुरुवारी सकाळी बोट निघणार. बारा माणसं आहेत. मी खोकी उघडली नसती तर ही जाकिटं घालून गेली असती. माल परत करायला आलो म्हणून बरं. माणूस परत करता येत नाही."

संतोष माझ्याकडे बघतच नव्हता. त्याच जाकिटात झोपणार होता तो.

सरळ स्टोअरमध्ये गेलो. जे तोंडाला आलं ते बाळाजीला बोललो. अकरा वर्षं काय केलंस, अक्कल गहाण ठेवलीस का, आठवी शिकलेल्याकडे माल दिला हीच माझी चूक. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हनला व्हता—" मी म्हटलं, उलट बोलू नकोस.

डोकं इतकं ठणकतंय की अक्षर वाकडं येतंय.

१४ एप्रिल, सोमवार

कमाल साहेबांना सगळं कळलं. आमचे मालक इथलेच, पण तीस वर्षं आम्हा लोकांबरोबर काढून हिंदी बोलायला शिकलेत. मला जेपी म्हणतात. ओरडत नाहीत, त्याचीच भीती वाटते.

"जेपी, पहले प्लेट लाओ. आज. फिर मुझे रिपोर्ट चाहिए. एक पेज, एक नाम. जिसका गलती, उसका व्हिसा कॅन्सल. खलास."

पाट्यांसाठी दुबईला सात फोन केले. सातव्याने दिल्या, उद्या येतील. मग रिपोर्ट लिहिला. स्टोअरकीपरने पुरेशी खात्री न करता चुकीच्या पातळीचा माल दिला. नाव, बाळाजी. लिहिताना वाईट वाटलं, नाही असं नाही. त्याचं घर अर्धं बांधून झालंय, स्लॅब राहिलाय, हे मला ठाऊक आहे. पण बारा माणसांच्या जिवाशी खेळ झाला, तिथे दयामाया दाखवून कसं चालेल? कायदा म्हणजे कायदा.

आणखी एक वैताग. स्टोअरच्या भिंतीवरचा माझा तक्ता कोणीतरी काढून नेलाय. चार टाचण्या तशाच, मधे पांढरा चौकोन. सुबक केलेल्या कामाची इथे कोणाला किंमत नाही. बाळाजीला विचारलं, "तक्ता कुठे गेला?" तो म्हणाला, "हाय." हाय म्हणजे काय? मला घाई होती, निघून आलो.

१५ एप्रिल, मंगळवार

पाट्या आल्या. आधीच्या आठ आणि या सोळा, चोवीस झाल्या, म्हणजे प्रत्येकाला पुढे एक आणि मागे एक. बाळाजीने प्रत्येक पाटी उलटून लेबल वाचलं, बोटाने आकडा गिरवून. दोन तास लावले. मी घड्याळाकडे बघत होतो. गुरुवारनंतर हा इथे नसेल, ही गोष्ट त्याला काल सांगितली आहे, तरी इतका वेळ कशाला घालवतो कोण जाणे. मी असतो तर फेकलं असतं सगळं.

संतोष माल घेऊन गेला. मला म्हणाला, "बाळाजी रविवारपासून झोपला नाही. काही बोलत पण नाही. तुम्ही तरी विचारा त्याला."

आता मी काय विचारू? चूक करणाऱ्याला झोप येत नाही, हे चांगलंच लक्षण आहे.

सुनीताला सगळं सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता एकच विचारलं, "त्याला हे तीन आणि तीन-ए शिकवलं कोणी?" मी म्हटलं, मीच, आणि व्यवस्थित शिकवलं. ती म्हणाली, "बरं."

हा 'बरं' मला चोवीस वर्षं त्रास देतोय.

१६ एप्रिल, बुधवार

दुपारी कमाल साहेबांनी बाळाजीला सही करायला बोलावलं. मी तिथेच होतो. त्याने रिपोर्टचा कागद हातात धरला, त्याला त्यातलं इंग्रजी वाचता येत नाही, आणि म्हणाला, "साब, मेरे को नहीं, जेपी साब को पूछो."

"क्या पूछना?"

"उनको मालूम."

कमाल साहेब माझ्याकडे वळले. "जेपी, तुम इसको बराबर सिखाया था?"

मला संताप आला. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हटलं, साहेब, मी तारीखवार डायरी लिहितो. कुठल्या दिवशी शिकवलं, काय शिकवलं, सगळं नोंदलेलं आहे. उद्या पुरावाच आणून दाखवतो. कमाल साहेब म्हणाले, इंशाल्ला. बाळाजीने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, बघ घाबरला.

घरी आलो, चहासुद्धा न घेता वही उघडली. पहिलंच पान.

"मी ती दुरुस्त केली."

तीनदा वाचलं. मग अकरा तारीख. जड जास्त अडवत असेल का, असं त्याने विचारलंय. म्हैस मास्तर झाली असती, असं मी उत्तर दिलंय, आणि वर त्याला कळलं म्हणून खूश झालोय. मग नऊ एप्रिल. तक्ता बघ, तक्ता कशाला लावलाय.

सगळं माझं अक्षर. कुठे खाडाखोडसुद्धा नाही.

खोटं कशाला लिहू, पानं फाडायला हात गेला. तीन पानं, काम संपलं असतं. मराठी वही, माझ्याशिवाय वाचणार कोण? पुरावा सापडला नाही म्हणालो असतो. बाळाजी पाटणला गेला असता आणि मी उद्या नवीन तक्ता केला असता, बरोबर.

सुनीता समोर उभी होती. मी वही तिच्याकडे दिली. तिने ती तीन पानं उभ्याउभ्या वाचली, मिटून टेबलावर ठेवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"उद्या साडेसहालाच निघा," म्हणाली. "ट्रॅफिक नसतं."

१७ एप्रिल, गुरुवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुरावा आणतो म्हणालो होतो, आणला.

कमाल साहेब खुर्चीत, बाळाजी दाराशी. वही मराठीत, म्हणून मलाच ती हिंदीत सांगावी लागली. स्वतःचा मूर्खपणा वाचून दाखवणं सोपं असेल कदाचित, भाषांतर करणं फार कठीण. "तिसरी अ म्हणजे हुशार तुकडी" याला हिंदीत काय म्हणणार? "साहब, हमारे स्कूल में होशियार बच्चे 'अ' में बैठते थे..."

"और तुम 'अ' में था?"

"जी."

कमाल साहेबांनी कपाळाला हात लावला. "दिमाग मफी, जेपी. बिलकुल मफी." मफी म्हणजे नाहीच. म्हशीचं भाषांतर मात्र मला दोनदा पहिल्यापासून करावं लागलं. एवढं साधं वाक्य, पण तो माणूस दाराशी उभा होता आणि त्याने ते हसून घेतलं होतं.

मग मी नवीन रिपोर्ट पुढे ठेवला. एक पान, एक नाव. माझं. रात्रीच लिहून ठेवला होता. भक्ती बारावीला आहे, व्हिसा गेला तर तिचं काय, हे सगळं डोक्यात होतं. तरीही ठेवला.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. बाळाजीचा फाडला. माझा खणात टाकला. "यह यहाँ रहेगा," म्हणाले. "एक और गलती, यह बाहर आएगा. और आज से डिलिव्हरी पर पहले बालाजी का साइन. वह देखेगा, वह साइन करेगा. तुम उसके बाद. यल्ला, काम करो."

बाहेर आलो. स्टोअरमध्ये दोघंच. मी त्याला विचारलं, आणि ते मी रविवारीच विचारायला हवं होतं, "तू बोलला का नाहीस?"

"बोललो व्हतो की. तुम्ही म्हनला उलट बोलू नको."

"कमाल साहेबांना सांगायचंस."

त्याने पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. लाल चौकट, हिरवे आकडे. "त्यांना दाखवायला म्हनूनच काढला व्हता भिंतीवरनं. मग ध्यानात आलं, हे तर मराठीत हाय. माझ्याबिगर हितं वाचनारं एकच मानूस. तुम्ही." घडी माझ्या हातात दिली. "तुम्हाला दाखवावं म्हनलं. तर तुम्ही इचारलंत तक्ता कुठं गेला, मी म्हनलो हाय, आन तुम्ही गेला निघून."

मी म्हटलं, "बाळाजी, माझं चुकलं." एवढंच. आणखी काय बोलायचं ते वहीतही सुचत नाही.

दहा वाजता संतोषचा बंदरावरून फोटो आला. पाट्यांचं जाकीट घातलेलं, घामाघूम. खाली लिहिलंय, "लय जड. पण आता झोप लागेल."

२० एप्रिल, रविवार

नवीन नियमाप्रमाणे पहिली डिलिव्हरी. सहा हेल्मेटं आणि चार जाकिटं, दहाच वस्तू. बाळाजीने प्रत्येकीचं लेबल वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग ऑर्डरचा कागद वाचला. मग पुन्हा लेबल. गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून बसलेलं, माझा जीव वरखाली. चारातल्या तिसऱ्या जाकिटाशी येऊन थांबला. उचललं, हातात तोललं, खाली ठेवलं, परत उचललं.

"साहेब, ह्ये मला हलकं वाटतंय."

जिभेवर आलं होतं. काय आलं होतं ते लिहीत नाही.

"बघ," मी म्हणालो. "सावकाश बघ."

बरोबर निघालं. तरी त्याने अकरा मिनिटं घेतली. सही केली, पेन माझ्याकडे दिलं, आणि मी त्याच्या सहीखाली सही केली.